चार महिन्यांचे परिमाण

आपल्या व्यापारी समाजाला परदेशगमनाचे आजवर दोनच प्रकार परिचयाचे होते. एक, व्यापारासाठी आठ-पंधरा दिवसांची फेरी. दुसरा, उच्च शिक्षणासाठी जाणे आणि बहुधा तिकडेच स्थायिक होणे. पहिल्याला घरातून कोणी अडवत नाही. दुसऱ्याचे नाव निघाले की आईवडिलांच्या मनात अभिमान आणि हुरहूर एकाच वेळी दाटून येतात. या दोहोंच्या मध्ये आता तिसरा प्रकार आला आहे. पदवीचे शिक्षण येथेच चालू ठेवून एका सत्रापुरते परदेशी विद्यापीठात शिकावे आणि ठरल्या दिवशी परत यावे. ऑक्टोबर २०२३ च्या आरंभापासून जानेवारी २०२४ च्या अखेरीपर्यंत इंग्लंडमधील लेस्टर शहरी मी असे एक सत्र शिकून आले. अनेक घरांत आज हा विषय निघू लागला आहे, म्हणून तो अनुभव समाजबांधवांपुढे ठेवीत आहे.

आमचे घर बारामती तालुक्यातील कोऱ्हाळे बुद्रुक येथे. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर वाढणारा ऊस, गळीत हंगामात सोमेश्वर कारखान्याच्या दिशेने जाणाऱ्या उसाच्या गाड्या आणि बाजारपेठेतील आमचे किराणा-भुसाराचे दुकान, एवढ्यात माझे बालपण गेले. पुण्यात वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला असताना महाविद्यालयाने विद्यार्थी-विनिमय योजनेची सूचना लावली. शिक्षणशुल्क आपल्याच महाविद्यालयात भरायचे, तेथे वेगळे शुल्क नाही, आणि तेथे मिळवलेले श्रेयांक येथील गुणपत्रिकेत धरले जाणार, असा करार होता. राहण्याजेवण्याचा आणि प्रवासाचा खर्च मात्र ज्याचा त्याने करायचा. सहा महिन्यांच्या आतील अशा शिक्षणासाठी ब्रिटनचा अभ्यागत व्हिसा पुरतो, परंतु त्यावर तेथे नोकरी करता येत नाही. म्हणजे लागणारा प्रत्येक रुपया दुकानातूनच जाणार होता, आणि पौंडाला शंभराहून अधिक रुपये मोजावे लागत होते.

घरात चर्चा झाली. वडिलांना खर्चाची काळजी होती, आईला जेवणाची. मोठ्या काकांना वाटत होते की पोर एकदा गेली की परत येत नाही. आजी बराच वेळ काही बोलली नाही. तिने काही वर्षांपूर्वी दिग्व्रत घेतले आहे. पूर्वेस सम्मेदशिखर, पश्चिमेस गिरनार, दक्षिणेस श्रवणबेळगोळ आणि उत्तरेस हस्तिनापूर, या पलीकडे आयुष्यात पाऊल टाकायचे नाही, अशी तिची प्रतिज्ञा. त्यामुळे तिचा नकारच येणार, असे सर्वांनी धरले होते. ती एवढेच म्हणाली, "कुठवर जाणार, किती दिवस राहणार आणि किती खर्चणार, हे आधी कागदावर लिहून आण. मग मी बोलते."

आजीच्या त्या तीन प्रश्नांत श्रावकाच्या व्रतांचे मर्म होते, हे मला पुढे हळूहळू उमगले. दिशांची मर्यादा घालणे हे दिग्व्रत; त्याच्याही आत ठराविक काळापुरते ठराविक क्षेत्र आखून घेणे हे देशव्रत; आणि धनधान्याची सीमा ठरवणे हे परिग्रह-परिमाण. यांतील कोणतेही व्रत जाऊ नका, कमवू नका, असे म्हणत नाही. निघण्यापूर्वी मोजा, आणि मोजलेले विसरू नका, एवढेच ते सांगते. आखलेले क्षेत्र मागाहून वाढवणे आणि घातलेली मर्यादा विस्मरणात जाणे, हे दोन्ही दिग्व्रताचे अतिचारच मानले आहेत. मी कागदावर लिहिले: लेस्टर, चार महिने, पाच लाख रुपये. खाली परतीच्या विमानाची तारीख लिहिली. आजीने तो कागद देव्हाऱ्यात ठेवला आणि चर्चा संपली.

त्या दिवसांत वडिलांनी मला दोन-तीन जुन्या हकिकती सांगितल्या. त्या आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असतील, तरी येथे त्यांचे स्मरण करणे अस्थानी होणार नाही. १८८८ साली अठरा वर्षांचे मोहनदास गांधी विलायतेस निघाले, तेव्हा त्यांच्या आईची समजूत काढली ती बेचरजी स्वामी या जैन साधूंनी. मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा त्यांनी तरुण मोहनदासांकडून घेतली, आणि मग आईने परवानगी दिली. मुंबईच्या ज्ञातिबांधवांनी तरीही त्यांना वाळीत टाकले. लंडनमध्ये फॅरिंग्डन रस्त्यावरील शाकाहारी भोजनगृह सापडेपर्यंत त्यांनी कित्येक दिवस अर्धपोटी काढले, पण प्रतिज्ञा मोडली नाही. पुढे १८९३ साली शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेचे निमंत्रण आचार्य आत्मारामजींना आले. साधूंना समुद्रप्रवास वर्ज्य, म्हणून श्रावक वीरचंद राघवजी गांधी त्यांच्या वतीने गेले. त्यांनाही समुद्र ओलांडल्याबद्दल समाजाचा रोष सोसावा लागला. आणि आपल्या परिसरातील उदाहरण तर सर्वांच्या परिचयाचे आहे. ज्यांच्या नावाने इंदापूर तालुक्यात वालचंदनगर उभे आहे, त्या शेठ वालचंद हिराचंदांच्या सिंधिया कंपनीची 'लॉयल्टी' ही आगबोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाली. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. समुद्राचे भय आपल्या समाजाने केव्हाच मागे टाकले आहे. आता प्रश्न उरला आहे तो सोबत काय न्यावे, एवढाच.

क्षमावणी झाल्यानंतर मी निघाले. वर्षभरातील राग-लोभ मिटवून प्रवासाला लागण्यास याहून चांगला मुहूर्त कोणता असणार? सामानात खाकरे, मेतकूट, मूगडाळ आणि सुकवलेल्या भाज्या होत्या. दुधाचे पदार्थ भारतातून ब्रिटनमध्ये नेण्यास मनाई असल्याने आईने कढवलेले तूप मात्र घरीच राहिले. वडिलांनी लाल बासनातील एक छोटी वही हाती दिली आणि म्हणाले, "रोजचा रोजमेळ लिहायचा. रात्री शिल्लक जुळल्याशिवाय झोपायचं नाही."

लेस्टरला पहिला धडा मिळाला तो सूर्याकडून. आमच्याकडे रात्रिभोजनत्याग हा कष्टाचा नियम कधी वाटलाच नाही. कोऱ्हाळ्यात वर्षभरात सूर्यास्त सहाच्या थोडा आधी ते सव्वासातच्या आसपास, एवढ्याच अंतरात हलतो. दुकानातून वडील वर येतात, पाने वाढलेली असतात, सारे घर एकत्र जेवते. नियम पाळला जातो आहे हे जाणवतही नाही. लेस्टर पृथ्वीच्या माथ्याकडे, बावन्न अंशांच्याही पलीकडे वसलेले. तेथे जूनमध्ये सूर्य रात्री साडेनऊला मावळतो आणि डिसेंबरच्या मध्यास चार वाजण्याच्या आत. मी पोहोचले तेव्हा सूर्यास्त साडेसहानंतर होता. सारे सोपे वाटले. मग २९ ऑक्टोबरच्या रविवारी त्या देशाने आपली घड्याळे एक तास मागे घेतली. आदल्या दिवशी पावणेसहाच्या सुमारास मावळलेला सूर्य त्या दिवशी पावणेपाचच्या आतच दिसेनासा झाला.

डिसेंबरमध्ये माझा दिनक्रम असा झाला होता: सूर्योदय सव्वाआठच्या सुमारास, त्यानंतर ४८ मिनिटांनी नवकारशी, नऊनंतर न्याहारी, दुपारी एकच्या आत जेवण, आणि तीन वाजता दोन तासांच्या मध्ये मिळणाऱ्या पंधरा मिनिटांत डब्यातील खाकरा आणि उसळ. त्यानंतर दुसऱ्या सकाळपर्यंत तोंडात काही नाही. वर्गमित्र संध्याकाळी सातला जेवायला बसत. मी त्यांच्यासोबत बसून गप्पा मारी. आजीला फोनवर हे सांगितले तेव्हा ती हसून म्हणाली, "तुझं तर रोजचंच एकाशन चाललंय की." त्या हसण्यामागचा तिचा भरलेला आवाज मला ऐकू आला.

त्या काळोख्या संध्याकाळी एक गोष्ट मनात स्पष्ट झाली. गावात माझा नियम मी पाळत नव्हते. घर तो माझ्याकडून पाळून घेत होते. येथे पाहणारे कोणी नव्हते. चार वाजून दहा मिनिटांनी काही खाल्ले असते तरी कोणास कळले नसते. म्हणूनच जो नियम टिकला तो प्रथमच माझा स्वतःचा झाला. आणि तो टिकला याचे श्रेय आजीला आहे. लहानपणी तिने "पाप लागेल" एवढ्यावर मला कधी थांबवले नव्हते. दिव्याभोवती जमणारे किडे दाखवून कारण सांगितले होते. भीतीने शिकवलेला नियम पाहणारा डोळा दूर होताच गळून पडतो. कारणासह शिकवलेला नियम सोबत प्रवास करतो.

आहाराविषयी पालकांना सर्वाधिक चिंता असते, म्हणून थोडे सविस्तर सांगते. इंग्लंडमध्ये शाकाहारी मिळत नाही, हा समज आता जुना झाला. वेष्टनातील प्रत्येक पदार्थावर घटकांची यादी असते, आणि अंडी, दूध, मासे यांसारख्या ॲलर्जीकारक घटकांची नावे त्यात ठळक छापावी लागतात. ऑक्टोबर २०२१ पासून दुकानातच बनवून वेष्टनात ठेवलेल्या पदार्थांनाही हा नियम लागू आहे. त्यांचा हेतू ॲलर्जी टाळण्याचा. पण आपल्याला त्याचा मोठाच आधार होतो. तरीही यादी पूर्ण वाचावी. जिलेटिन हे प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून बनते, ई-१२० हा लाल रंग किड्यांपासून निघतो, आणि काही चीजमध्ये वासराच्या जठरातील रेनेट असते. खरी अडचण कंदमुळांची. इंग्रजी शाकाहाराचा अर्धा संसार बटाट्यावर उभा आहे! बेलग्रेव्ह रस्त्यावरील गुजराती दुकानांत मात्र तूरडाळ, गवार, मेथी सारे मिळते. आमच्या वसतिगृहात सहाजणांत एक स्वयंपाकघर होते. मी स्वतःची कढई आणि तवा वेगळा ठेवला, कारण सांगितले, आणि चार महिन्यांत कोणी त्याला हात लावला नाही.

उलट त्या स्वयंपाकघरातील एका मैत्रिणीने मला निरुत्तर केले. ती व्हीगन होती. दूध, मधसुद्धा वर्ज्य. हा शब्द १९४४ साली डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवला, आणि वॉटसन त्या काळी लेस्टरमध्येच राहत असत. तिने मला विचारले, "तुम्ही किड्यामुंग्यांची एवढी काळजी करता, मग तुमच्या दुधाच्या गाईला गोऱ्हा झाला, तर त्याचे पुढे काय होते?" आमच्या बारामती-इंदापूर भागात गोठ्यागोठ्यांत संकरित गाई आहेत, आणि ट्रॅक्टर आल्यापासून शेतीला बैल फारसे लागत नाहीत. माझ्याजवळ तयार उत्तर नव्हते. आपले पूर्वज पांजरपोळांना देणगी का देत आले, याचा अर्थ मला परक्या देशातील परधर्मीय मुलीच्या प्रश्नाने कळला. तो प्रश्न मी घरी घेऊन आले. आता आमच्याकडे दूध घालणाऱ्या गवळ्याला वडील तोच प्रश्न विचारतात, आणि पांजरपोळाची वर्गणी ही दिवाळीची रीत न राहता दुधाच्या मासिक हिशेबात लिहिली जाते.

लेस्टरच्या ऑक्सफर्ड रस्त्यावरील जैन मंदिराविषयी लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. ती मुळात चर्चची इमारत. तेथील समाजाने ती विकत घेतली, संगमरवराने मढवली, आणि १९८८ साली तेथे प्रतिष्ठा झाली. आत आरशांचे काम आहे आणि खिडक्यांच्या रंगीत काचांवर भगवान महावीरांचे जीवनप्रसंग आहेत. मला थक्क केले ते निराळ्याच गोष्टीने. एकाच छपराखाली श्वेतांबर मंदिर, दिगंबर मंदिर, स्थानकवासी उपाश्रय आणि श्रीमद् राजचंद्रांचे ध्यानस्थान! येथे आपण एकाच पेठेत राहून एकमेकांच्या मंदिराची पायरी क्वचित चढतो. तेथे मी दिगंबर वेदीसमोर दर्शन घेऊन शेजारच्या उपाश्रयात सामायिकाला बसत असे, आणि त्यात कोणालाच नवल वाटत नसे.

तेथे नित्य येणाऱ्या एका वृद्ध काकी पूर्व आफ्रिकेतील युगांडात वाढलेल्या. त्यांच्या काठेवाडी गुजरातीत शेंगदाण्याला 'जुगु' म्हणत. माझ्या मराठीमिश्रित गुजरातीला त्या हसत आणि मी त्यांच्या स्वाहिलीमिश्रित गुजरातीला. १९७२ साली इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला, तेव्हा त्या सासू-सासऱ्यांसह लेस्टरला आल्या. त्या वेळी लेस्टरच्या नगरपालिकेने 'युगांडा आर्गस' या वृत्तपत्रात जाहिरात देऊन, आमच्या शहरात येऊ नका, असे कळवले होते. आज त्याच शहरातील बेलग्रेव्ह रस्त्यावरची दिवाळी भारताबाहेरील सर्वांत मोठ्या दिवाळींपैकी एक गणली जाते. काकी मला म्हणाल्या, "बेटा, आम्हाला मोजायला वेळच मिळाला नाही. दुकान, घर, उधारी, सगळं तसंच सोडून निघालो. तू परतीचं तिकीट घेऊन आलीस, हे केवढं भाग्य!" २०२३ च्या अश्विन अमावास्येच्या पहाटे, वीर निर्वाण संवत २५५० च्या उंबरठ्यावर, मी त्यांच्या शेजारी उभी राहून निर्वाणलाडू चढवला. घरापासून दूर असल्याची जाणीव त्या क्षणी सर्वांत तीव्र होती आणि सर्वांत सुसह्यही.

आता शिक्षणाविषयी. तेथे तासाला प्राध्यापक कमी बोलतात आणि विद्यार्थ्यांना अधिक बोलावे लागते. वाचून यायचे, मत मांडायचे, आणि मताला आधार द्यायचा. किरकोळ व्यापाराच्या इतिहासावरील चर्चासत्रात माझ्या वाट्याला रॉचडेल आले. इंग्लंडच्या उत्तरेकडील या गिरणगावात २१ डिसेंबर १८४४ रोजी अठ्ठावीस जणांनी, बहुतेक विणकर आणि कारागीर, वर्गणी काढून टोड लेनवर एक लहानसे दुकान उघडले. माल किती? थोडे पीठ, लोणी, साखर, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या. भेसळीचा आणि मापात मारण्याचा तो काळ होता. त्यांनी नियम केले: माल शुद्ध, वजन पुरे, प्रत्येक सभासदास एक मत, नफा खरेदीच्या प्रमाणात परत, आणि व्यवहार रोखीचा. जगभरच्या सहकारी चळवळीने पुढे याच दुकानाचे नियम आदर्श मानले. ज्या सोमेश्वर कारखान्याच्या भोंग्यावर आमचे गाव घड्याळ लावते, तोही त्याच सहकाराच्या कुळातला.

डिसेंबरच्या सुट्टीत मी ते दुकान पाहून आले. आता तेथे संग्रहालय आहे. तराजूसमोर उभी असताना मला पाठशाळेतील दोन शब्द आठवले: 'हीनाधिकमानोन्मान' आणि 'प्रतिरूपकव्यवहार'. मापे कमी-अधिक ठेवणे आणि खोटा माल खऱ्यात मिसळणे, हे अचौर्य अणुव्रताचे अतिचार. लहानपणी ते मी घोकले होते. अर्थ विचारण्याचे मनातही आले नव्हते. रॉचडेलच्या विणकरांनी जे सोसून शोधले, ते आपल्या आचार्यांनी व्यापाऱ्यासाठी कितीतरी शतके आधी नोंदवून ठेवले होते. चर्चासत्रात मी हे मांडले, आणि पुढे आमच्या दुकानाविषयी बोलले. रॉचडेलचा रोखीचा नियम कोऱ्हाळ्यात चालणार नाही. तेथील कामगाराला आठवड्याला मजुरी मिळे. आमच्या गिऱ्हाइकाला पैसा मिळतो तो ऊसबिल जमा झाल्यावर. तोवर त्याचे घर आमच्या उधारीवर चालते. प्राध्यापकांनी विचारले, "ही उधारी बुडत कशी नाही?" मी म्हणाले, थोडी बुडते, पण तीन पिढ्यांची ओळख हेच आमचे तारण आहे. वर्गात बराच वेळ त्यावर चर्चा झाली. वडिलांच्या ज्या खतावणीकडे मी कधी कुतूहलाने पाहिले नव्हते, ती दूर देशी अभ्यासाचा विषय झाली होती.

सत्र संपताना तेथील एका अध्यापिकेने पुढील वर्षी पदव्युत्तर अभ्यासासाठी येण्याचे सुचवले. मोह झाला नाही असे म्हणणार नाही. परंतु देव्हाऱ्यातील कागदावर तारीख होती. पुन्हा जायचे तर पुन्हा नवा कागद लिहायचा. त्याच कागदावरील क्षेत्र वाढवायचे नाही. ठरल्या दिवशी मी परतले. रोजमेळाची बेरीज पाच लाखांच्या आत होती. त्यातील निम्म्याहून अधिक रक्कम खोलीच्या भाड्यात गेली होती. वडिलांनी वही पानापानाने तपासली, शेवटी सही केली, आणि उधारीची खतावणी माझ्यापुढे सरकवली. आमच्या घरात मुलींनी गादीवर बसण्याची रीत नव्हती. आता सुट्टीत मी बसते. कारखान्याची बिले कोणत्या महिन्यांत जमा होतात आणि आपली उधारी केव्हा अंगावर येते, याचा तक्ता मी करून दिला आहे; यंदा घाऊक खरेदी त्याप्रमाणे झाली. पुढे दुकान कोण पाहणार, हा प्रश्न घरात वर्षानुवर्षे मुकाट होता. त्याचे उत्तर अजून मिळालेले नाही, पण तो आता उघडपणे बोलला जातो.

ज्या घरांत असा प्रस्ताव येईल त्यांना माझी नम्र विनंती आहे. नको म्हणण्यापूर्वी आणि हो म्हणण्यापूर्वीही, आजीचे तीन प्रश्न मुलांना विचारावेत आणि उत्तरे लेखी घ्यावीत. श्रेयांक येथे धरले जातील याचे महाविद्यालयाचे पत्र आधी हाती असावे. हिवाळ्याचे सत्र असेल तर सूर्यास्ताची वेळ पाहून तासांचे वेळापत्रक निवडावे. आणि नियमांची केवळ आठवण न देता त्यांचे कारण मुलांना सांगावे. ते काम निघण्याच्या आठवड्यात होत नाही. त्याला बालपणापासूनची संध्याकाळची जेवणे लागतात. ज्या घराने ते केले आहे, त्याने निश्चिंत मनाने मुलामुलींना पाठवावे.

जय जिनेंद्र.